हां, परत

श्रोतेहो, नमस्कार. गेल्या श्रावणात आमच्या गावच्या देवळात, फोंड्याजवळच आहे गाव, भजनी सप्ताह होता, पेटीवर मी होतो, आणि रूपाच्या अभंगातच कोमल निषादाच्या जागी माझं बोट शुद्ध निषादावर पडलं. बुवांनी आलाप घेऊन सांभाळून घेतलं, पखवाज चालूच राहिला, लोकांना बहुतेक कळलंही नसेल. पण डोक्यात जो आवाज सुरू झाला तो घरी येऊन आडवा झालो तरी थांबेना. "तुला काय जमतं रे? 20 वर्षं वाजवतोस आणि हे?" पुढचे 9 दिवस मी पेटी उघडलीच नाही.

या 9 दिवसांबद्दलच मला बोलायचंय. आपल्याला वाटतं, स्वतःला झापलं की माणूस सुधारतो. मी तर पळ काढला ना!

2012 साली अमेरिकेत ज्युलियाना ब्राईन्स आणि सेरेना चेन यांनी एक प्रयोग छापला. विद्यार्थ्यांना शब्दांची अवघड टेस्ट दिली, मग काहींना एवढंच सांगितलं की अशी टेस्ट बऱ्याच जणांना जड जाते, स्वतःला फार बोल लावू नका. हीच मुलं पुढच्या टेस्टसाठी जास्त वेळ अभ्यासाला बसली, "तुम्ही हुशार आहात" असं ऐकलेल्या मुलांपेक्षाही.

हे वाचलं आणि मला माझे पेटीचे मास्तर आठवले. चुकलो की म्हणायचे, "हां, परत." बस. आवाज कधी चढला नाही, पण ती ओळ पाच वेळा स्वच्छ आल्याशिवाय उठूही द्यायचे नाहीत, बाहेर पोरांचं क्रिकेट रंगलेलं असलं तरी.

आता दुसरा एक आवाज असतो, गोड. "दमलायस, आज राहू दे." मी कितीतरी दिवस यालाच माया समजत होतो. त्याची पारख मी आता एकाच गोष्टीवरून करतो, त्याचं ऐकून मी पेटीकडे जातो की मोबाईलकडे. म्हणून घरात ठरवूनच टाकलंय, रात्री जेवणं झाली, पानं उचलली की 20 मिनिटं पेटी, तेव्हा मूड आहे का वगैरे विचारायचंच नाही.

आणि मन फारच पेटलं तर स्वतःला नावाने हाक मारायची. मिशिगन विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ इथन क्रॉस यांचं यावर काम आहे, मनात 'मी, मी' करण्यापेक्षा स्वतःशी नाव घेऊन बोललं की ताण कमी होतो. आमच्याकडे लिहिणं-वाचणं मराठीत, पण घरात बोलणं कोंकणीतून, त्यामुळे मी आई बोलवायची तसंच म्हणतो, "बाबू, चुकलें न्हय? आतां परत वाजय."

परवा माझी मुलगी पेटीवर सरगम काढत होती. अडली, आणि पुटपुटली, "शी, तुला काय जमतं!" माझंच वाक्य. मी कधीतरी मोठ्याने बोललो असणार. लेव वायगॉट्स्की या रशियन मानसशास्त्रज्ञाने म्हटलंय की लहान मुलं आधी स्वतःशी मोठ्याने बोलतात, तेच बोलणं पुढे आत जातं.

मी हातातलं काम ठेवलं, तिच्या शेजारी जाऊन बसलो आणि म्हटलं, "हां बाय, परत." सातव्या वेळी ती ओळ आली.