खिळ्याला टांगलेला डोंगर

नमस्कार श्रोतेहो.

तुम्ही आत्ता रेडिओ लावून बसला आहात. असाच रेडिओ लावून बसलेल्या एका गावाबद्दल मी आज बोलणार आहे. गाव इंडोनेशियातलं, जावा बेटावरचं, मेरापी ज्वालामुखीच्या उतारावर वसलेलं. मला तिथे घेऊन गेली एक जपानी मुलगी. जोगजाकार्ताच्या गाजा मादा विद्यापीठात ती वर्षभरासाठी शिकायला आली होती आणि माझ्या शेजारच्या खोलीत राहायची.

२०१८च्या सप्टेंबरात मी इंडोनेशिया सरकारच्या दार्मासिस्वा शिष्यवृत्तीवर तिथे गेले. नाव ऐका, त्यात आपला धर्म आहे आणि शिष्यही. विद्यार्थ्याला तिथे महासिस्वा म्हणतात, भाषेला बाहासा, गावाला देसा, जमिनीला बुमी. पहिल्या आठवड्यात मराठी माणसाला वाटतं, अरे, ही तर आपलीच माणसं! मग एक दिवस ‘बेंचाना’ हा शब्द भेटतो. मूळ आपलाच, वंचना. तिथे त्याचा अर्थ आपत्ती. भूकंप, पूर, ज्वालामुखीचा उद्रेक, सगळं बेंचाना. मला तो शब्द फार खरा वाटला. ज्या जमिनीवर आपण विश्वासानं घर बांधलं, तिनंच फसवलं.

विद्यापीठाच्या उत्तरेला पोगुंग नावाची वस्ती आहे. तिथे घरोघर विद्यार्थी भाड्यानं राहतात. अशा घराला ‘कोस’ म्हणतात आणि घरमालकिणीला ‘इबू कोस’. इबू म्हणजे आई. आमच्या कोसमध्ये अकरा मुली होत्या, सुमात्राच्या, सुलावेसीच्या, जावातल्याच लहान गावांच्या, एक जपानची आणि एक मी, महाडची. आम्हा दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. दोघींच्या इंग्रजीपेक्षा दोघींची मोडकी इंडोनेशियन बरी, म्हणून आम्ही त्याच भाषेत बोलायचो. जावाच्या रीतीनं ती मला ‘म्बाक’ म्हणायची, म्हणजे ताई, आणि मीही तिला तेच म्हणायचे.

ती कोबे शहराची. १७ जानेवारी १९९५ला तिथे मोठा भूकंप झाला, त्यानंतर दोन वर्षांनी तिचा जन्म. भूकंप तिनं पाहिला नव्हता, पण घरात तो रोज होता. कपाटं भिंतीला पट्ट्यांनी बांधलेली, उशाशी बॅटरी आणि चपला. पोगुंगच्या खोलीतही पहिल्याच दिवशी तिनं उशाशी बॅटरी आणि चपला ठेवल्या. इबू कोसनं ते पाहिलं आणि काही विचारलं नाही. २७ मे २००६च्या पहाटेचा जोगजाचा भूकंप त्या बाईंनी स्वतः भोगला होता. पाच हजारांहून जास्त माणसं त्यात गेली, बंतुलकडची गावंच्या गावं आडवी झाली. दुसऱ्या दिवशी इबूंनी घरातल्या सगळ्या मुलींना सांगितलं, ‘चपला दाराकडे तोंड करून ठेवा. म्बाककडून शिका.’

न्हाणीघराची गोष्ट सांगायलाच हवी. तिथे कोपऱ्यात कमरेइतका सिमेंटचा हौद असतो आणि ‘गायुंग’ नावाचं दांड्याचं भांडं. भांड्यानं पाणी अंगावर घ्यायचं, अगदी आपल्यासारखं. जपानमध्ये आधी बाहेर अंग धुवायचं आणि मग गरम पाण्याच्या टबात शांत बसायचं. बिचारी स्वच्छ अंग धुऊन रीतसर त्या हौदात जाऊन बसली. अकरा जणींचं दिवसभराचं पाणी होतं ते. इबूंनी हौद उपसला, घासला, परत भरायला नळ सोडला आणि गायुंग तिच्या हातात देऊन एकदा हवेत पाणी ओतून दाखवलं. आवाज चढवला नाही. त्या रात्री ती मला म्हणाली, ‘मला कुणी रागावलं असतं तर बरं वाटलं असतं.’

दोनच आठवडे झाले असतील. शुक्रवार, २८ सप्टेंबर. कोपऱ्यावरच्या वारुंगमध्ये, म्हणजे खानावळीत, आम्ही भात आणि टेंपे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या, घेऊन बसलो होतो. टीव्हीवर सुलावेसीतलं पालू शहर दिसत होतं. आधी भूकंप, मग समुद्र आत शिरला, आणि काही वस्त्यांमध्ये तर जमीनच चिखलासारखी वाहू लागली. निवेदक पुन्हा पुन्हा म्हणत होता, ‘त्सुनामी, त्सुनामी.’ आमच्या कोसमधल्या एकीची मावशी पालूला होती आणि फोन लागत नव्हता. जपानी मुलगी ताटावर हात ठेवून नुसती बसून राहिली. बऱ्याच वेळानं म्हणाली, ‘आमच्या भाषेतले इतके शब्द आहेत, आणि जगाला हा एक दिला.’

पुढचे चार दिवस ती विद्यापीठाच्या वेशीवरच्या गोल चौकात मदतीची पेटी घेऊन उन्हात उभी होती. मावशी तिसऱ्या दिवशी सापडली, जिवंत.

शब्दांची ही देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी झालेली आहे. पावसाचं पाणी ज्वालामुखीची राख आणि दगड घेऊन नदीतून धावतं, त्या लोंढ्याला जगभरातले शास्त्रज्ञ ‘लाहार’ म्हणतात. तो शब्द जावाचा. आणि तो लोंढा अडवायला नदीत जे बंधारे बांधतात, त्यांना मेरापीच्या गावातला शेतकरीही ‘साबो’ म्हणतो. तो शब्द जपानी, वाळू आवरणं अशा अर्थाचा. मेरापीवर असे दोनशेहून जास्त बंधारे आहेत. १९७०नंतर जपानी अभियंत्यांनी इंडोनेशियाच्या लोकांबरोबर हे तंत्र तिथे रुजवलं. साकुराजिमा ज्वालामुखीच्या कुशीतल्या कागोशिमा शहरातून आलेला एक मुलगा आमच्या ओळखीचा होता. तो याच बंधाऱ्यांमागे साठलेल्या वाळूचं मोजमाप करायचा आणि संध्याकाळी नखशिखांत राखाडी होऊन यायचा.

आणखी एक जपानी शब्द तिथे आहे. तो ऐकायला जड आहे. पोगुंगला लागून एक कालवा वाहतो, सेलोकान माताराम. तीसेक किलोमीटर लांबीचा, प्रोगो आणि ओपाक या दोन नद्यांना जोडणारा. १९४२ ते १९४५ या काळात जावावर जपानी लष्कराचा ताबा होता. गावोगावची माणसं वेठबिगारीला नेली जात. त्यांतली असंख्य परत आली नाहीत. त्या वेळी जोगजाचे सुलतान हामेंगकुबुवोनो नववे यांनी जपान्यांना पटवलं की आमच्या मुलखात पाणी कमी, कालवा झाला तर भात पिकेल. कालव्याचं काम निघालं आणि हजारो माणसं बाहेर पाठवली जाण्यापासून वाचली. त्या वेठबिगारांना इंडोनेशियन भाषेत आजही ‘रोमुशा’ म्हणतात.

ती मुलगी रोज सकाळी याच कालव्याच्या काठानं सायकलवर विद्यापीठात जायची. तिला हे माहीत नव्हतं. तिला कळलं ते रात्री एका आंगक्रिंगानवर. आंगक्रिंगान म्हणजे कंदिलाच्या उजेडातली हातगाडी, केळीच्या पानातल्या मूठभर भाताच्या पुड्या आणि आल्याचा गरम चहा. तिथे बसलेल्या एका आजोबांनी सहज विचारलं, कुठली गं? जपान म्हटल्यावर ते म्हणाले, ‘माझे वडील या कालव्यावर रोमुशा होते.’ स्वरात राग नव्हता, माहिती दिल्यासारखं बोलले. तिनं त्यांना तो शब्द परत म्हणायला लावला. तिच्या भाषेत रोमुशा म्हणजे साधा मजूर. आपला एक साधा शब्द इथे येऊन काय झाला, हे तिला त्या क्षणी कळलं. ती उठून उभी राहिली आणि कमरेत वाकून त्यांना नमस्कार केला. आजोबा गडबडले, तिला बसवलं, तिच्यापुढे भाताची आणखी एक पुडी सरकवली. पुढे वर्षभर ती त्यांच्याकडे जात राहिली, दर मंगळवारी. प्रबंधात त्याचा एक शब्दही नाही. माझ्या मते तिचा खरा अभ्यास तिथे सुरू झाला.

प्रबंधाचा विषय तिनं कोबेहूनच मनाशी धरून आणला होता. तिथल्या भूकंपानंतर नागाता भागात एक लहानसं लोकांचं रेडिओ केंद्र सुरू झालं, एफएम वायवाय. जपानी न येणाऱ्या व्हिएतनामी, कोरियन आणि इतर रहिवाशांना त्यांच्या भाषेत सांगायचं की पाणी कुठे मिळतंय, दवाखाना कुठे उघडा आहे. पुढे याच माणसांचं मेरापीच्या उतारावरच्या गावरेडिओंशी नातं जुळलं. मेरापीची माणसं संकटाची बातमी एकमेकांना कशी देतात, हे तिला समजून घ्यायचं होतं.

परवानगीच्या कागदांत तीन महिने गेले, त्यावर बोलण्यासारखं काही नाही. जानेवारीत ती मागलांग बाजूच्या एका गावात प्रश्नावली घेऊन गेली. नीट छापलेली, एक ते पाच असे आकडे असलेली. गावानं तिला चहा दिला, तळलेली केळी दिली आणि सगळ्या प्रश्नांना ‘चार’ असं उत्तर दिलं. इशारा वेळेवर मिळतो का? चार. प्रशासनावर विश्वास आहे का? चार. चाळीस घरं, चाळीस वेळा चार. पाहुणीला वाईट वाटू नये आणि कुणाची तक्रारही होऊ नये, असं ते चार. परत आल्यावर ती रडली.

तिचे मार्गदर्शक जावाचेच. त्यांनी प्रश्नावली वाचली, घडी घालून टेबलाच्या खणात ठेवली आणि म्हणाले, ‘पुढच्या रविवारी त्या गावात लग्न आहे. जा आणि रेवांगला बस.’

रेवांग म्हणजे आपल्याकडे कार्यघरी शेजारणी भाज्या निवडायला, पुऱ्या लाटायला जमतात ना, तेच. या वेळी मीही गेले. पहाटे चारला अंगणात चटया पसरलेल्या, मध्ये लहान कांद्यांचा ढीग, भोवती वीस-बावीस बायका. तिच्या हातात सुरी दिली आणि कुणी तिच्याकडे पाहुणी म्हणून पाहिलं नाही. डोळ्यांतून पाणी, हात चाललेले, आणि गप्पा. त्या गप्पांमध्ये २०१० आपसूक आलं.

त्या वर्षीच्या २६ ऑक्टोबरला मेरापी फुटला. उद्रेक पुढे कित्येक दिवस चालला आणि साडेतीनशेहून जास्त माणसं गेली. डोंगराचे राखणदार म्हणून सुलतानानं नेमलेले म्बाह मारिजान यांनी गाव सोडायला नकार दिला, तेही पहिल्याच दिवशी गेले. ही माहिती पुस्तकात होती. अंगणात जे कळलं ते वेगळं होतं. छावणीत गेलेली माणसं पहाटे गुपचूप परत डोंगरावर का जात होती? गाई होत्या म्हणून. दूध काढायचं होतं, चारा घालायचा होता. एक बाई कांदा चिरता चिरता म्हणाली, ‘इशारा आम्हाला कळला होता. गाईला कोण सांगणार?’ त्यांचे पती गाईंसाठी वर गेले होते.

आमच्या महाड तालुक्यातल्या तळियेवर २२ जुलै २०२१ला दरड कोसळली, तेव्हा मला हे वाक्य आठवलं. रात्री झोप लागली नाही.

मागलांग जिल्ह्यानं २०१०पासून एक शहाणपणाची गोष्ट शिकली. उतारावरच्या प्रत्येक गावाला धोक्याबाहेरचं एक जोडगाव ठरवून दिलं. त्याला म्हणतात ‘देसा बेरसाउदारा’. साउदारा म्हणजे आपला सोदर, एका उदरातला. कुणाचं घर कुणाकडे उतरणार, म्हाताऱ्यांना कोण आणणार, गाई कुठे बांधणार, हे आधीच लिहून ठेवलेलं. तिचा प्रबंध शेवटी या विषयावर झाला. त्याचा कणा होता बायकांनी सांगितलेली गोठ्यांची यादी. वर्षभरात तिनं अडीच महिने त्या गावात काढले. तिथल्या जावानीज भाषेत मोठ्यांशी बोलण्याचे शब्द वेगळे, बरोबरीच्यांशी बोलण्याचे वेगळे. ‘जेवणे’ यासाठीच तीन क्रियापदं, माणूस पाहून वापरायची. आपलं अहो-जाहो त्यापुढे फार सोपं. इतर परदेशी विद्यार्थी यात अडखळत. तिला ते पटकन जमलं, कारण जपानीतही तसंच आहे. गावातल्या आज्या म्हणायच्या, ही बाहेरची कशी?

आता त्या रेडिओबद्दल.

लग्नाच्या रात्री आम्ही त्याच गावात राहिलो. स्वयंपाकघरात चुलीच्या वर, काजळी धरलेल्या भिंतीवर एक खिळा होता आणि त्याला पट्ट्यानं टांगलेला एक वॉकीटॉकी. तिथे त्याला ‘हाते’ म्हणतात. त्यातून एक संथ, सलग सूर येत होता, बारीक शिट्टीसारखा. मला वाटलं बिघडलाय. घरमालकीण म्हणाली, ‘तो डोंगर आहे.’ मेरापीवर भूकंपमापक यंत्रं बसवलेली आहेत. त्यांचे संकेत रेडिओलहरींवरून येतात आणि गावकरी आपल्या हातेवर ते आवाजाच्या रूपात ऐकतात. डोंगर शांत असला की सूर सरळ. आत काही हललं की तो थरथरतो, वरखाली होतो. दगड कोसळला तर कसा, आत धक्का बसला तर कसा, हे त्या बाईला भांडी घासता घासता कळायचं. तेव्हा मेरापीवर इशाऱ्याची दुसरी पायरी होती, ‘वास्पादा’. शिखरावर लाव्हाचा घुमट हळूहळू वाढत होता.

आम्ही तिघी चुलीपाशी बसलो होतो. मशिदीतून रात्रीच्या नमाजाची अजान आली. बाईंनी उठून हातेचा आवाज अगदी कमी केला, बंद केला नाही. नमाज पढून आल्या, आवाज पुन्हा वाढवला, तव्यावर पाणी शिंपडलं. तेवढ्यात सूर क्षणभर थरथरला. माझा श्वास अडकला. जपानी मुलीनं बाईंकडे पाहिलं. बाईंनी कान दिला, दोन-तीन क्षण, आणि म्हणाल्या, ‘दगड आहे. लहान.’

सूर सरळ झाला. तिनं वहीत वेळ लिहिली, आठ वाजून वीस मिनिटं, आणि बाईंना विचारलं, ‘लहान कशावरून?’

बाई तिच्या शेजारी येऊन बसल्या आणि सांगू लागल्या.

नमस्कार.