ब्लीचचे वय आणि तलावाचे पाणी

श्रोतेहो, नमस्कार. ठरलेल्या मापाने ब्लीच ओतूनही पोहण्याच्या तलावाचे पाणी हिरवट दिसू लागले, की दोष बहुधा उन्हाला, पोहणाऱ्यांच्या गर्दीला किंवा पंपाला दिला जातो. ते ब्लीच किती दिवसांपूर्वी भरलेले होते, हे मात्र सहसा कोणी पाहत नाही.

घरगुती ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटचे पाण्यातील द्रावण. त्याचे प्रमाण साधारणतः ३ ते ६ टक्के असते, तर तलावासाठी मिळणाऱ्या द्रवरूप क्लोरीनमध्ये ते १० ते १२ टक्क्यांच्या आसपास असते. बाटलीवर छापलेला हा आकडा ती भरली त्या वेळचा असतो. त्यानंतर झाकण उघडले नाही तरी आतल्या हायपोक्लोराइटचे हळूहळू मीठ आणि क्लोरेट होत राहते, आणि या दोन्हींचा जंतू मारण्यासाठी काडीचाही उपयोग नसतो. थोडा भाग ऑक्सिजन होऊन वायुरूपाने सुटतो. कॅनच्या झाकणाला बारीक छिद्र ठेवतात ते यासाठीच, अन्यथा कॅन फुगतो.

हे विघटन सुरुवातीला वेगाने आणि पुढे संथपणे होते, आणि त्याचा वेग द्रावणाच्या तीव्रतेच्या वर्गानुसार बदलतो. तीव्रता निम्मी झाली, की विघटनाचा वेग चौथाईवर येतो. त्यामुळे १२ टक्क्यांचे द्रावण ६ टक्क्यांवर यायला जितका काळ लागतो, त्याच्या निदान दुप्पट काळ त्याला ६ वरून ३ वर यायला लागतो. जास्त टक्क्यांचे द्रावण घेऊन वर्षभराचा साठा करणे फायद्याचे वाटते खरे, पण सर्वांत मोठी घट नेमकी त्याच साठ्याला सोसावी लागते. त्यातच उष्णतेची भर पडते. तापमान १० अंश सेल्सियसने वाढले तर विघटन सुमारे तीन ते चार पटींनी वाढते, आणि पंपाची बंदिस्त खोली तर दुपारी चांगलीच तापते. सूर्यप्रकाश, तसेच तांबे, निकेल यांसारख्या धातूंचे अंशही ही झीज वाढवतात. म्हणून द्रावण अपारदर्शक प्लास्टिकच्या कॅनमध्ये, सावलीत आणि थंड जागी ठेवावे.

आता हिशेब पाहू. ५०,००० लिटर पाण्यात १० टक्क्यांचे एक लिटर द्रावण घातले, तर क्लोरीन सुमारे २ पीपीएमने, म्हणजे पाण्याच्या दहा लाख भागांमागे दोन भागांनी, वाढते. तेच द्रावण जुने होऊन ५ टक्क्यांवर आले असेल, तर वाढ जेमतेम १ पीपीएम मिळते. तलावात १ ते ३ पीपीएम मुक्त क्लोरीन, म्हणजे जंतू मारायला अजून मोकळे असलेले क्लोरीन, राखायचे असते हे लक्षात घेतले, तर एवढा फरक शेवाळाला पुरेसा ठरतो. नाकावर विसंबण्यात अर्थ नाही, कारण अर्धी ताकद गेलेल्या ब्लीचलाही चांगलाच उग्र वास येतो.

त्यापेक्षा खात्रीचा मार्ग असा. पाणी स्वच्छ असताना, सूर्यास्तानंतर क्लोरीन मोजावे, पंप चालू ठेवून मापून ब्लीच घालावे आणि पाणी पुरते मिसळल्यावर पुन्हा मोजावे. वाढ अपेक्षेच्या निम्मी आली, तर ब्लीचची ताकदही साधारण निम्मी उरली आहे असे धरून मात्रा दुप्पट करावी. दिवसा ही चाचणी फसते, कारण ऊन पाण्यातले क्लोरीन झपाट्याने नष्ट करते. शेवाळलेल्या पाण्यातही ती फसते, कारण घातलेले क्लोरीन तिथे लगेच खर्च होते. सुगंधी किंवा दाट केलेले ब्लीच मात्र, ताजे असले तरी, तलावात घालू नये.

जुने ब्लीच टाकून देण्याची गरज नाही. मात्रा वाढवून ते संपवता येते, फक्त त्यासोबत तलावात मीठ आणि क्लोरेटही अधिक जाते, म्हणून फार जुना साठा वापरण्याचा हट्ट मला पटत नाही. पाण्याचा पीएच उतरवण्यासाठी लागणारे आम्ल अनेकदा त्याच खोलीत असते. ब्लीच कितीही जुने असले, तरी आम्लाशी गाठ पडताच त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. तेव्हा हे दोन कॅन शेजारी ठेवू नयेत आणि दोन्हींसाठी एकच मापही वापरू नये.