थर्ड शिफ्टची पहाट

(दृश्य : चाकण एमआयडीसी, कारखान्याचं गेट. सकाळचे सहा. अंधार.)

थर्ड शिफ्ट सुटली. जानेवारी महिना, सूर्य उगवायला अजून तासभर आहे. गेटबाहेर बस लागल्यात, टपरीवर चहा उकळतोय. बसमध्ये खिडकीशी बसलेल्या कामगाराच्या मोबाइलवर रील चालू आहे : पहाटे पाचला उठा, आयुष्य बदला.

पहाटे पाचला हा जागाच होता. प्रेस मशीनवर.

सल्ला जुना आहे. 'लवकर निजे, लवकर उठे' आपण शाळेच्या भिंतीवर वाचलंय. त्याहून जुना ब्राह्ममुहूर्त. पण तो घड्याळाला नाही, सूर्याला बांधलेला. सूर्योदयाच्या 96 मिनिटं आधी सुरू, 48 मिनिटांचा. म्हणजे पुण्यात जूनमध्ये चार-वीसच्या सुमारास आणि जानेवारीत थेट साडेपाचला. शिवाय कोलकात्यात सूर्य माथ्यावर येतो त्यानंतर जवळपास तासाभराने तो पुण्यात येतो, प्रमाणवेळ मात्र दोघांची एकच. रीलमधले 'पाच' नक्की कुठले, हे रीलवाला सांगत नाही.

(ग्राफिक : फळमाशी. शेजारी तीन घड्याळं, तिघांची गती वेगळी.)

1971. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत रोनाल्ड कोनोप्का आणि सीमूर बेंझर यांना वेगळ्याच तीन प्रकारच्या फळमाश्या सापडल्या. एकींच्या आतल्या घड्याळाचा दिवस 19 तासांचा, दुसरींचा 28 तासांचा, तिसरींना दिवस-रात्रीचा ठेकाच नाही. बिघाड तिन्हींत एकाच जनुकात होता : पीरियड. 1984 मध्ये जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांच्या गटांनी तो जनुक वेगळा काढला आणि पुढे त्याची यंत्रणा उलगडली. 2017 चं नोबेल या कामासाठीच. माणसातही याच घराण्यातले जनुक आहेत. 2001 मध्ये एका कुटुंबात त्यातल्या 'पर-2'मध्ये बदल आढळला. ही माणसं संध्याकाळी साडेसातच्या सुमारास पेंगायला लागतात आणि पहाटे साडेचारला टक्क जागी होतात. यात निश्चयाचा काही संबंध नाही. याउलट, काहींना मध्यरात्र उलटल्याशिवाय झोपच येत नाही. वयात येणाऱ्या मुलांचं घड्याळ तर निसर्गतःच उशिराकडे सरकतं; बारावीच्या मुलाला पाचला हलवून उठवणाऱ्या घरांनी हे ऐकायला हवं.

(दृश्य : चाळीतली खोली. पत्र्याचं छत. खिडकीला काळं कापड.)

सकाळचे आठ. रातपाळीवाल्याची रात्र आता सुरू होते, आणि इथे शिस्त लागते ती उठण्याची नव्हे, झोपण्याची. दिवसा शरीराचं तापमान चढत असतं, आतलं घड्याळ जागं करत असतं. त्यामुळे दिवसाची झोप सहज दोन-तीन तासांनी तोकडी पडते.

हे कापड नीट बघा. दुहेरी आहे आणि चारही कडांना टेपने चिकटवलंय. पडदा नुसता टांगला तर कडेने उजेड येतोच. हात लांब केल्यावर बोटं दिसली नाहीत, तर अंधार पुरेसा. पत्रा अकराच्या सुमारास तापायला लागतो, म्हणून उन्हाळ्याआधी वरून पांढऱ्या चुन्याचे दोन हात. पंखा थंडीतही चालू, तोंड भिंतीकडे : वारा नको असतो, शेजारच्या कुकरची शिट्टी बुडवणारा आवाज हवा असतो. झोपण्याआधी दोन पोळ्या-भाजी. पोटभर मिसळ खाल्ली तर जळजळ होते; उपाशी झोपलं तर बाराला भूक उठवते.

आणि हा काळा गॉगल. घरी येताना डोळ्यांवर पडणारं सकाळचं ऊन मेंदूला 'दिवस उजाडला' असं सांगतं आणि झोप मागे ढकलतं. बसने येणाऱ्याने गॉगल लावावा. दुचाकीवाल्याने अजिबात लावू नये. रात्रभर जागलेल्या माणसाला अंधुक रस्ता आणखी अंधुक करून द्यायचं कारण नाही.

एकला जाग आली आणि पुन्हा डोळा लागला नाही, तर कुढत पडून राहू नये. उरलेली झोप संध्याकाळी साडेसात ते नऊ घ्यायची. दीड तासाचा हा हप्ता शिफ्टला जाण्याआधी मिळतो, म्हणून रात्री तोच जास्त उपयोगी पडतो. व्यायाम करायचा तो संध्याकाळी उठल्यावर. कामावरून आल्या-आल्या केला तर झोप आणखी लांबते.

(दृश्य : कॅन्टीन. भिंतीवरचं घड्याळ : दोन वाजून दहा मिनिटं.)

कॅफिन शरीरात निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात. आठला झोपणाऱ्याचा शेवटचा चहा म्हणून हा, दोनचा. गेटवरचा सव्वासहाचा चहा, जो बहुतेक सगळेच घेतात, तोच दिवसाची झोप खातो. तिथे हवं तर गरम दूध घ्यावं.

चहा पिऊन लगेच मान टाकायची, वीस मिनिटं. कॅफिन चढेपर्यंत डुलकी पूर्ण होते. गजर पंचवीस मिनिटांचा लावा. पाऊण तास झोपलात तर गाढ झोपेतून उठावं लागतं आणि पुढचा काही वेळ डोकं जड राहतं. तशात प्रेससमोर उभं राहणं धोक्याचं. म्हणून डुलकीनंतर आधी तोंड धुणं, शॉप फ्लोअरवर एक फेरी, आणि मगच मशीन. चार ते पाच ही सगळ्यात वाईट वेळ. शरीराचं तापमान तेव्हा तळाला असतं. डाय, म्हणजे प्रेसचा साचा, बदलण्यासारखं काम शक्यतो त्याआधी उरकावं.

(दृश्य : शॉप फ्लोअर. पाळीचा फलक, जवळून.)

या चित्रफितीत सगळ्यात महत्त्वाचं काही असेल तर हा फलक. शिफ्ट तीन : सहा ते दोन, दोन ते दहा, दहा ते सहा. दर आठवड्याला पाळी बदलते. प्रश्न इतकाच, की कुठल्या दिशेने.

फर्स्टनंतर सेकंड, सेकंडनंतर थर्ड, अशी पुढे सरकली तर मधली सुट्टी न धरताही दोन पाळ्यांमध्ये प्रत्येक वेळी 24 तास मिळतात. उलटी फिरवली की प्रत्येक वेळी फक्त आठ. रात्री दहाला सुटलेला सकाळी सहाला पुन्हा गेटवर. त्यातून प्रवास, जेवण, अंघोळ वजा केली तर झोप पाच तासही उरत नाही. शिवाय माणसाचं आतलं घड्याळ 24 तासांहून जरासं लांब असल्याने उशिरा झोपणं बहुतेकांना जमतं, लवकर झोपणं जड जातं. दिशा बदलायला नवीन मशीन लागत नाही, माणूस लागत नाही. फलक पुसून पुन्हा लिहायचा, एवढंच. तरी कामगाराला रील पाठवली जाते.

आठवड्याने पाळी बदलत असेल, तर रातपाळीची पूर्ण सवय लावून घ्यायचा नादही सोडावा. आतलं घड्याळ दिवसाला तासभर सरकतं. ते रुळायच्या आत फलक बदलतो.

वर्षानुवर्षांच्या रातपाळीने मधुमेह आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2007 मध्ये ती 'बहुधा कर्करोगकारक' गटात टाकली आणि 2019 मध्ये तिथेच ठेवली.

(दृश्य : रविवार सकाळ. बस रिकामी होते.)

थर्ड शिफ्टचा शेवटचा दिवस. 1948 च्या कारखाने कायद्याने रातपाळीवाल्याची साप्ताहिक सुट्टी शिफ्ट संपल्यापासून सलग 24 तासांची ठरवली. म्हणजे ती आत्ता, सकाळी सहाला सुरू झाली. आज पूर्ण झोप काढायची नाही. आठ ते साडेअकरा, बस. मग बाहेर, उन्हात. दुपारी पुन्हा आडवं व्हायचं नाही, चारनंतर चहा नाही, रात्री दहाला दिवा बंद. बाजार, मुलांचा अभ्यास, गावाकडचा फोन, सगळं मधल्या साडेदहा तासांत.