दोन ट्रॉल्यांच्या मागं

श्रोतेहो, नमस्कार.

गाळप हंगाम सुरू झाला की केज, माजलगाव, अंबाजोगाईकडचे रस्ते उसानं भरून जातात. पुढं ट्रॅक्टर, मागं दोन ट्रॉल्या, दोन्ही अंगांनी वाढं लोंबतंय आणि त्यामागं मोटारसायकलवर तुम्ही. याच रस्त्यांवर मी 22 वर्षं एसटी चालवली. सगळ्यात जास्त घाई मला इथंच दिसली.

जरा हिशेब करा. ट्रॅक्टर 20 च्या वेगानं चाललाय, लांबी 15 मीटरच्या आसपास. त्याला ओलांडून परत आपल्या बाजूला यायला 7 सेकंद तरी लागतात. तेवढ्यात समोरून 80 नं येणारी जीप दीडशे मीटर कापते, तुम्हीही तिच्याकडं पाऊणशे मीटर सरकता. म्हणजे अडीचशे मीटर रस्ता मोकळा दिसला पाहिजे. रात्री आपल्या दिव्याचा उजेड तिथवर पोचतच नाही.

एका रात्री मला समोर एकच दिवा दिसला. मोटारसायकल असेल म्हणून मी बस उजवीकडं काढली. तो एक दिवा गेलेला ट्रॅक्टर होता. वाहक ओरडला, मी ब्रेक दाबला आणि कशीबशी ट्रॉलीमागं परत आलो. बसमध्ये लेकरंबाळं झोपलेली होती.

ओव्हरटेक उजवीकडूनच करायचा. पुढचा गाडीवाला उजवा इंडिकेटर देऊन रस्त्याच्या मध्यावर वळायला थांबला असेल, तरच डावीकडून जाता येतं. अखंड पट्टा, वळण, चढाचा माथा, अरुंद पूल, चौक इथं नाहीच. मांजरसुंब्याच्या घाटात तर नावच काढू नका. तुम्हाला कुणी ओलांडत असेल तर वेग वाढवू नका, तोही गुन्हा आहे. बेकायदा ओव्हरटेक 2019 पासून धोकादायक वाहन चालवण्यात मोडतो. पहिल्याच वेळी 1000 ते 5000 रुपये दंड किंवा 6 महिने ते वर्षभर कैद, किंवा दोन्ही.

आणि पुढच्यानं हात हलवला म्हणून निघू नका. त्याचा उजवा इंडिकेटर म्हणजे ‘जा पुढं’, का ‘मी शेताकडं वळतोय’? तुमच्या डोळ्यांना रस्ता दिसेपर्यंत मागंच थांबा.

ट्रॅक्टरवाल्या भावांनो, तुम्हालाही हात जोडून सांगतो. मागच्या ट्रॉलीला रिफ्लेक्टर लावा, तो वाढ्याखाली झाकू देऊ नका. आणि टेप थोडा बारीक ठेवा, मागचा हॉर्न ऐकू आला पाहिजे.