जॅझच्या रेकॉर्डचे चढे भाव आणि गोव्यातली कपाटं

मंडळी, हँक मोब्ली हा अमेरिकन सॅक्सोफोनवादक. ब्लू नोट कंपनीने १९५७ साली काढलेली त्याची १५६८ क्रमांकाची एलपी आज जगातल्या सर्वांत महाग जॅझ रेकॉर्डमध्ये गणली जाते. पहिल्या छपाईची चांगल्या अवस्थेतली प्रत लिलावात पाच हजार डॉलरच्या वर जाते. तेच वादन तुम्हाला मोबाइलवर फुकट ऐकता येतं. मग एवढे पैसे कशाचे?

जाणकार गिऱ्हाईक तबकडी दिव्याखाली तिरकी धरतं. शेवटचा तुकडा संपतो तिथून लेबलापर्यंत एक कोरी पट्टी असते, तिच्यात बारीक खुणा शोधायच्या. रूडी व्हॅन गेल्डर या ध्वनिमुद्रकाची आद्याक्षरं हवीत. शेजारी कानाच्या आकाराचं एक चिन्ह हवं. ते न्यू जर्सीतल्या प्लास्टिलाइट कारखान्याचं. मग लेबलावरचा कंपनीचा पत्ता वाचायचा. तो वेळोवेळी बदलत गेला, त्यामुळे पत्त्यावरून छपाईचा काळ कळतो. लिबर्टी कंपनीने ब्लू नोट विकत घेतली आणि १९६६ मध्ये तो कान नाहीसा झाला. वादन तेच, साचाही कधी कधी तोच, पण कान नसलेल्या प्रतीचा भाव एकदम कोसळतो. मग कव्हर बघायचं: कोपरे दबलेत का, कुणी पेनाने नाव लिहिलंय का.

भाव चढण्याची कारणं सरळ आहेत. तेव्हा जॅझ खपत नव्हता, म्हणून प्रती थोड्या निघाल्या. ज्या निघाल्या त्या पार्ट्यांमध्ये वाजून वाजून झिजल्या. जपानी संग्राहकांनी काही दशकांपूर्वीच चांगल्या प्रती उचलायला सुरुवात केली. इंटरनेटवरच्या लिलावांनी उरलेलं काम केलं. पूर्वी एखाद्या गावच्या दुकानदाराला आपल्याकडे काय पडलंय याचा पत्ता नसायचा, आता जुन्या लिलावांचे आकडे कुणालाही बघता येतात. ब्लू नोटने २०१९ पासून उत्तम दर्जाच्या नव्या आवृत्त्या काढल्या, तरी जुन्या प्रतींची मागणी हटली नाही.

हे सगळं आपल्या घरापर्यंत कसं येतं, ते सांगतो. अमान्सियो डिसिल्वा हा गिटारवादक १९३६ मध्ये मुंबईत गोवेकर आईवडिलांच्या पोटी जन्मला आणि १९६७ मध्ये इंग्लंडला गेला. १९६९ मध्ये त्याने जमैकाहून आलेल्या जो हॅरियट या सॅक्सोफोनवादकाबरोबर लंडनमध्ये 'हम दोनो' ही एलपी केली. तिच्यात 'बॅलड फॉर गोवा' नावाची रचना आहे. जरूर ऐका. गिटारची वळणं ऐकताना आपल्या रागसंगीताची आठवण येते आणि खालून जॅझचा ठेका चालूच असतो. आज ब्रिटिश जॅझच्या संग्राहकांत तिच्या पहिल्या छपाईला हजार पौंडांच्या पुढे किंमत येते. अमान्सियो १९९६ मध्ये वारला.

या पैशातला एक छदामही वादकाच्या घरी जात नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. मोब्लीने फुप्फुसाच्या आजारामुळे वाजवणं सोडलं आणि अखेरचे दिवस हलाखीत काढले. आपल्या कॉपीराइट कायद्यात ५३अ हे कलम आहे. चित्र, शिल्प किंवा मूळ हस्तलिखित दहा हजार रुपयांच्या वर पुन्हा विकलं गेलं, तर निर्मात्याला त्यात वाटा मागता येतो. संगीतरचनेचं हस्तलिखितही त्यात बसतं. छापलेली तबकडी मात्र बसत नाही. मला हा अन्याय वाटतो.

आता आपली कपाटं. गोव्यातल्या हळदोण्याचा चिक चॉकलेट, म्हणजे अँतोनियो झेवियर वाझ, आपल्या ट्रम्पेटने मुंबई गाजवत होता. सी. रामचंद्रांच्या 'अलबेला'त, १९५१ मध्ये, त्याचा बँड पडद्यावरही दिसतो. त्याच्यासारख्यांच्या, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकड्या लाखेच्या. हातातून पडली की तुकडे. गोव्यातल्या बार्देशात, सासष्टीत मुंबईहून परतलेल्यांनी आणि तारवटींनी, म्हणजे बोटीवरच्या खलाशांनी, पेट्या भरभरून रेकॉर्ड आणल्या. त्यांतल्या किती उरल्या असतील? आपल्या पावसाळ्यात कव्हरला बुरशी धरते, वाळवी पुठ्ठा खाते आणि पोरं घर विकायला काढतात तेव्हा सगळं भंगारात जातं.

म्हणून पेटी सापडली तर आधी भाव विचारू नका. तबकड्या उभ्या ठेवा, एकावर एक रचू नका. बुरशी ओल्या फडक्याने पुसायला जाऊ नका, ती खाचांत आणखी बसते. लाखेच्या तबकडीला स्पिरिट तर अजिबात लावू नका, लाख विरघळते. लेबलावरचं नाव, क्रमांक आणि कोऱ्या पट्टीतली अक्षरं वहीत उतरवा, दोन्ही बाजूंचे फोटो काढा. आणि घरात कुणी म्हातारं माणूस असेल, तर ती रेकॉर्ड कुठून आली, कोण वाजवायचं, तेही त्याच वहीत लिहून घ्या. लिलावात त्याला कुणी किंमत देणार नाही, पण आपल्या वादकांचा इतिहास लिहायला बसणाऱ्याला सर्वांत आधी तीच वही लागेल.