मुंबईचं जहाज, माळव्याची अफू आणि शांघाय: चीनची बंदरं परक्यांच्या ताब्यात गेली कशी?

नमस्कार मंडळी! आजचा विषय चीनचा आहे, पण सुरुवात मी करणार आहे मुंबईच्या गोदीतून. उगाच ओढूनताणून नाही हं, खरंच तिथूनच करावी लागते.

1813 साली मुंबईच्या गोदीत वाडियांनी एक युद्धनौका बांधली. सागवानाची, 74 तोफांची, नाव एचएमएस कॉर्नवॉलिस. आणि 29 ऑगस्ट 1842 ला हेच जहाज चीनमध्ये नानजिंग शहरासमोर यांगत्से नदीत उभं होतं आणि त्याच्यावर बसून चीनच्या बादशहाच्या प्रतिनिधींनी इंग्रजांबरोबर तह केला. नानजिंगचा तह. पाच बंदरं उघडायची, हाँगकाँग बेट द्यायचं आणि वर 2 कोटी 10 लाख चांदीचे डॉलर भरायचे. त्यातले 60 लाख कशाचे माहितीये? चीन सरकारने जप्त करून नष्ट केलेल्या अफूची भरपाई! म्हणजे आमचा बेकायदा माल तुम्ही नष्ट केलात ना, मग आता पैसे काढा. आणि यापुढे अफूचा धंदा चालणार की बंद होणार, यावर अख्ख्या तहात चकार शब्द नाही.

तर मुळात हे इथपर्यंत आलं कसं?

[स्क्रीनवर नकाशा: कँटन, मकाऊ, पर्ल नदी]

1757 पासून चीनने युरोपियन लोकांना व्यापारासाठी एकच बंदर ठेवलं होतं, कँटन, म्हणजे आजचं ग्वांगझोऊ. तिथेही शहरात शिरायचं नाही, तटाबाहेर नदीकाठी तेरा वखारींची एक रांग, तेवढ्यातच राहायचं, बायकांना आणायचं नाही, व्यापाराचा हंगाम संपला की चंबूगबाळं आवरून मकाऊला जायचं, आणि माल विकायचा-घ्यायचा तो फक्त सरकारने नेमलेल्या चिनी व्यापाऱ्यांच्या मंडळाशी, ज्याला को-हाँग म्हणायचे. त्यातला हाउक्वा नावाचा व्यापारी तर त्या काळातल्या जगातल्या सगळ्यात श्रीमंत माणसांमध्ये धरला जातो. सांगायचा मुद्दा, तेव्हा अटी चीनच्या होत्या आणि गोरे लोक गुमान त्या पाळत होते.

इंग्रजांची अडचण वेगळीच होती. त्यांना चहाचं वेड लागलेलं, चहा मिळायचा चीनमध्ये, आणि चीनला त्या बदल्यात हवी होती चांदी. इंग्लंडमधला माल तिथे फारसा खपत नव्हता. चांदी नुसती वाहत चालली होती. मग उपाय सापडला अफूचा. बंगाल-बिहारकडची अफू ईस्ट इंडिया कंपनी स्वतः तयार करून घ्यायची आणि कलकत्त्यात लिलावात विकायची. चीनमध्ये मात्र कंपनी ती स्वतः न्यायची नाही, कारण तिकडे अफूला बंदी आणि कंपनीला चहाचा परवाना टिकवायचा होता. न्यायचे खाजगी व्यापारी. कंपनीचे हात स्वच्छ.

आता आपल्याकडची बाजू. दुसरी अफू होती माळव्याची. इंदूर, उज्जैन, रतलाम, मंदसोर हा पट्टा, म्हणजे बराचसा शिंदे-होळकरांचा मुलूख. इथे कंपनीची मक्तेदारी चालेना. तिने करार करून बघितले, नाकेबंदी करून बघितली, तर माल वळसा घालून कराचीला आणि तिथून पोर्तुगीजांच्या दमणला जायला लागला आणि दमणहून थेट चीन. शेवटी कंपनीने हात टेकले, म्हणाली ठीक आहे, मुंबईतून न्या, पण प्रत्येक पेटीमागे पासाचे पैसे भरा. 1843 मध्ये सिंध घेतल्यावर कराचीची वाट बंद झाली आणि सगळा ओघ मुंबईकडे वळला. मुंबईच्या भरभराटीचा विषय निघाला की आपण कापसाबद्दल, गिरण्यांबद्दल भरभरून बोलतो, अफूबद्दल जरा दबक्या आवाजात बोलतो, असं माझं निरीक्षण आहे.

आणि माणसं कोण तर सर जमशेटजी जीजीभॉय, ज्यांच्या नावाने आपलं जेजे हॉस्पिटल आणि जेजे स्कूल ऑफ आर्ट आहे ते. 1805 मध्ये ते ज्या जहाजाने चीनला निघाले होते ते फ्रेंचांनी पकडलं आणि त्याच जहाजावर एक तरुण डॉक्टर होता, विल्यम जार्डिन. तिथली ओळख पुढे भागीदारीत बदलली. जार्डिनची जार्डिन मॅथेसन ही कंपनी चीनमधली सगळ्यात बडी अफू-व्यापारी कंपनी झाली आणि तिची मुंबईची बाजू सांभाळणारे सगळ्यात मोठे व्यापारी होते जमशेटजी. कापूसही होता त्यांच्या धंद्यात, नाही असं नाही, पण अफू वगळून तो हिशोब पुरा होत नाही.

बरं, आता चीन. 1839 मध्ये बादशहाने लिन झेशू नावाचा अधिकारी कँटनला पाठवला. कडक माणूस. त्याने वखारींना वेढा घातला आणि 20 हजारांहून जास्त पेट्या अफू बाहेर काढायला लावली. एवढ्या अफूचं करायचं काय? जाळली तर उरलेला अंश जमिनीत झिरपतो आणि लोक ती माती खणून नेतात, म्हणून त्याने हुमेन इथे समुद्रकाठी मोठाले चर खणले, त्यात पाणी, मीठ आणि चुना घालून अफू कालवली आणि भरती-ओहोटी बघून ते सगळं समुद्रात सोडलं. तीन आठवडे हे काम चाललं होतं. आणि त्याआधी या माणसाने समुद्रदेवतेची क्षमा मागितली, की बाई मी तुझ्यात ही घाण सोडतोय, तुझ्या माशांना जरा लांब जायला सांग. मला हा लिन झेशू फार आवडतो, खरं सांगते. त्या पेट्यांमध्ये मुंबईच्या व्यापाऱ्यांचा मालही होता बरं का.

मग युद्ध. लढायांचं वर्णन करत बसत नाही, एकच गोष्ट सांगते. इंग्रजांकडे नेमेसिस नावाची लोखंडी आगबोट होती, सपाट बुडाची, त्यामुळे उथळ नदीतही आत घुसायची, आणि चीनच्या जुन्या लाकडी जहाजांना तिचं काय करावं हेच कळेना. 1842 च्या जुलैमध्ये इंग्रजांनी झेनजियांग घेतलं, जिथे मोठा कालवा यांगत्सेला मिळतो. दक्षिणेचं धान्य याच कालव्याने बीजिंगला जायचं. ती नस दाबली आणि सव्वा महिन्यात तह.

पाच बंदरं कुठली? कँटन, शियामेन, फुझोऊ, निंगबो आणि शांघाय. पण बंदरांची यादी पाठ करून काही कळत नाही, खरी मेख पुढच्या कलमांमध्ये आहे. 1843 च्या पुरवणी तहात दोन गोष्टी आल्या. एक, इंग्रज माणसाने चीनमध्ये गुन्हा केला तर त्याचा न्याय चिनी कोर्ट करणार नाही, त्याचा वकिलातीतला अधिकारी करेल. दोन, चीनने उद्या दुसऱ्या कुठल्याही देशाला एखादी सवलत दिली तर ती इंग्रजांनाही आपोआप लागू. 1844 मध्ये अमेरिकेने आणि फ्रान्सनेही असलेच तह करून घेतले. म्हणजे लग्नातल्या मानपानासारखं झालं, एका व्याह्याला शालजोडी दिली की झालं, बाकीचे सगळे हात पुढे करून उभे! कोणीही एकाने चीनला हरवायचं आणि फळ सगळ्यांनी खायचं.

आणि तिसरी गोष्ट, जी माझ्या मते सगळ्यात जास्त महागात पडली. आयातीवरची जकात साधारण 5 टक्क्यांवर गोठवली गेली आणि चीनला ती स्वतःच्या मर्जीने वाढवता येईना. हे जवळजवळ 1930 पर्यंत चाललं! स्वतःचे कारखाने उभे राहायचे दिवस आणि बाहेरच्या मालावर कर लावायचा अधिकार नाही. बेट गेलं, पैसे गेले, ते दिसतं तरी. हे दिसत नाही.

आता शांघायला जाऊ. लोक म्हणतात ते मच्छीमारांचं खेडं होतं, तर ते साफ खोटं आहे, तटबंदी असलेलं चांगलं व्यापारी गाव होतं ते. तटाबाहेर नदीकाठी इंग्रजांनी जागा घेतली, 1849 मध्ये शेजारी फ्रेंचांची वस्ती आली, अमेरिकनांचीही झाली, मग 1863 मध्ये इंग्रज-अमेरिकनांनी आपले भाग जोडून इंटरनॅशनल सेटलमेंट केली आणि फ्रेंच वेगळे राहिले. झालं काय, एकाच शहरात तीन कारभार: सेटलमेंटची म्युनिसिपालटी, फ्रेंचांचा कारभार आणि चिनी सरकारचा भाग. पोलीस तीन, कायदे तीन. आज जिथे यान-आन पूर्व रस्ता आहे ती सेटलमेंट आणि फ्रेंच भागाची हद्द होती, रस्ता ओलांडला की दुसरं पोलीस खातं. गुंडांची चंगळच! फ्रेंच पोलिसांत चिनी डिटेक्टिव्हांचा जो प्रमुख होता, हुआंग जिनरोंग, तो स्वतःच शहरातला बडा टोळीवाला होता. क्रांतिकारकांनाही या तीन कारभारांचा फायदा झाला, चीनच्या कम्युनिस्ट पक्षाचं पहिलं अधिवेशन जुलै 1921 मध्ये फ्रेंच वस्तीतल्याच एका घरात भरलं. पोलिसांना कुणकुण लागली तशी मंडळी तिथून सटकली आणि शेवटची बैठक त्यांनी जियाशिंगच्या तळ्यात एका नावेत उरकली.

सेटलमेंटमध्ये राहणारे बहुसंख्य लोक चिनी, कर भरणारे चिनी, पण 1928 पर्यंत म्युनिसिपालटीत एकही चिनी सभासद नाही. नदीकाठच्या सार्वजनिक बागेतही चिनी लोकांना बंदी. "कुत्रे आणि चिनी यांना प्रवेश नाही" ही पाटी तुम्ही ऐकली असेल. तर नियमांच्या पाटीचं जे लेखी रूप आज बघायला मिळतं त्यात ते असं एका ओळीत नाहीये, बाग परदेशी लोकांसाठी राखीव आहे हा एक नियम आणि कुत्रे, सायकली आणायच्या नाहीत हा वेगळा नियम. पण अपमान व्हायचा तो झालाच ना, ओळी किती होत्या याने काय फरक पडतो? 30 मे 1925 ला नानजिंग रोडवर सेटलमेंटच्या पोलिसांनी निदर्शकांवर गोळ्या झाडल्या. हुकूम इंग्रज अधिकाऱ्याचा आणि बंदूक चालवणारे शीख आणि चिनी शिपाई. त्यानंतर देशभर संप आणि बहिष्कार पेटले आणि त्याच रेट्यात पुढे 1928 मध्ये बागही उघडली.

इथे परत मुंबई येते. ससून! पुण्याचं ससून हॉस्पिटल, कुलाब्याचा ससून डॉक, तेच ते. डेव्हिड ससून बगदादहून मुंबईला आले, 1844 मध्ये त्यांचा मुलगा इलायस चीनला गेला आणि अफू, कापूस, मग जमीनजुमला असं करत हे घराणं शांघायमध्ये पसरलं. त्याच घराण्यातल्या व्हिक्टर ससूनच्या मुंबईत गिरण्या होत्या, पण त्याने पैसा हळूहळू तिकडे हलवला आणि 1929 मध्ये शांघायच्या नदीकाठी कॅथे हॉटेल उघडलं. हिरव्या टोकदार छपराची ती इमारत आजही आहे.

त्याच रांगेत घड्याळाचा टॉवर असलेली इमारत दिसते, ते कस्टम हाउस, 1927 चं. आणि ही जकातखात्याची भानगड भारी आहे. 1853 मध्ये शांघायमध्ये बंड झालं, जकात गोळा करायला कोणी उरलं नाही, म्हणून परदेशी वकिलातींनी आपली माणसं बसवली आणि ती कायमचीच बसली. 1863 मध्ये रॉबर्ट हार्ट नावाचा 28 वर्षांचा आयरिश माणूस या खात्याचा प्रमुख झाला आणि 1911 मध्ये मरेपर्यंत ते पद त्याच्याच नावावर होतं. पगार चीन सरकारचा, साहेब सगळे परदेशी. आता गंमत बघा, खातं स्वच्छ होतं, पैसे खरंच सरकारजमा व्हायचे, दीपगृहं बांधली, टपालखातं सुरू केलं. म्हणून काही लोक हार्टचं फार कौतुक करतात. पण तो गोळा झालेला पैसा जायचा कुठे? जपानशी युद्ध हरल्यावरची कर्जं, मग बॉक्सर बंडानंतर परक्या देशांना द्यायची 1901 ची 45 कोटी टेल (म्हणजे चिनी वजन) चांदीची भरपाई, सगळं याच जकातीवर तारण. वसुली जितकी चोख तितके सावकार खूश.

बाकीची बंदरं भराभर सांगते. 1856 ते 1860 दुसरं अफूयुद्ध, अफू कायदेशीर, तियानजिन उघडलं, तिथे पुढे नऊ देशांच्या वस्त्या झाल्या, ऑस्ट्रिया-हंगेरीची सुद्धा! 1898 मध्ये तर लूटच: जर्मनीने चिंगदाओ, रशियाने पोर्ट आर्थर, इंग्रजांनी वेहाईवेई, शिवाय हाँगकाँगलगतचा मोठा भाग, तो 99 वर्षांच्या भाडेपट्ट्याने. जर्मन गेले, 1903 ची त्यांची बिअर फॅक्टरी राहिली, त्सिंगताओ बिअर ती हीच.

शेवट कसा झाला? जानेवारी 1943 मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेने मोठ्या मनाने हे सगळे हक्क सोडले. पण शांघायची सेटलमेंट डिसेंबर 1941 पासूनच जपान्यांच्या ताब्यात होती, त्यामुळे सोडायला हातात होतंच काय? हाँगकाँग मात्र युद्धानंतर इंग्रजांनी परत धरून ठेवलं ते 1997 पर्यंत, आणि मकाऊ पोर्तुगीजांकडे 1999 पर्यंत.

मकाऊबद्दल आज मी मुद्दामच कमी बोलले, कारण 1844 पर्यंत त्याचा कारभार गोव्याच्या अखत्यारीत होता आणि ती गोष्ट इथे दोन वाक्यांत कोंबण्यासारखी नाहीये. पुढचा व्हिडिओ त्याच्यावरच. गोव्याची मंडळी असाल तर कमेंटमध्ये सांगा, तुमच्या घरी मकाऊला गेलेल्या कुणाच्या आठवणी आहेत का, त्या व्हिडिओत घ्यायला आवडतील. चला, भेटू.