इमूझेर: धबधब्याचं पाणी कुठं जातं?

(पहाट. अगादीरचा किनारा. समुद्रावर धुकं. लाटांचा आवाज.)

मोरोक्कोच्या या किनाऱ्यावर सूर्याला उजाडायची घाई नसते. अटलांटिकच्या थंड पाण्यावरून धुकं उठतं, वाळूवरून सरकत गावात शिरतं आणि तिथून डोंगराकडे निघतं. आपण आज त्याच्याच मागोमाग डोंगरातल्या इमूझेर गावाला जाणार आहोत.

शहराचं नाव अगादीर. इथल्या अमाझिग भाषेत अगादीर म्हणजे तटबंदीचं कोठार. साऱ्या गावानं आपलं धान्य, कागदपत्रं, दागिने एकत्र ठेवायची जागा. नाव इतकं जुनं, पण शहर मात्र नवं दिसतं. 29 फेब्रुवारी 1960 च्या रात्री भूकंप झाला आणि काही सेकंदांत जुनं अगादीर जमीनदोस्त झालं. बारा हजारांहून जास्त माणसं गेली. आज दिसतात ते रुंद रस्ते आणि पांढऱ्या इमारती त्यानंतरच्या आहेत.

उत्तर आफ्रिकेतल्या ज्या मूळ रहिवाशांना जग बर्बर म्हणतं, ते लोक स्वतःला अमाझिग म्हणवतात. बर्बर हे नाव बाहेरच्यांनी दिलेलं. अमाझिगचा अर्थ ते 'स्वतंत्र माणूस' असा सांगतात, आणि सांगताना आवाज जरा चढतो. या भागातल्या त्यांच्या बोलीचं नाव ताशेल्हीत. रस्त्यावरच्या सरकारी पाट्यांवर अरबीच्या शेजारी गोल, काट्या, फुल्या यांची एक वेगळीच लिपी दिसते. ती तिफिनाघ. 2003 साली शाळेसाठी ती निवडली गेली आणि 2011 च्या राज्यघटनेनं अमाझिग भाषेला अधिकृत दर्जा दिला. पाटी वाचता येत नाही, तरी ती तिथं आहे हे पाहून बरं वाटतं. आपली भाषा सरकारी पाटीवर असणं म्हणजे काय, हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको.

(गाडी उत्तरेकडे. डावीकडे समुद्र. आउरीर गावातली केळ्यांची दुकानं.)

आउरीरला रस्त्याच्या दोन्ही बाजूंना केळ्यांचे घड टांगलेले. लहान, पिवळीधमक, गोड. आपल्या वेलची केळ्याची आठवण यावी अशी. इथून समुद्र सोडायचा आणि उजवीकडे वळायचं. उच्च ॲटलास पर्वताची रांग पश्चिमेकडे येत येत इथंच समुद्राला भिडते. त्यामुळे चढ लगेच सुरू होतो.

दरीत खजुराची झाडं, कण्हेरीची बेटं, चुनखडीचे कडे. या दरीला परदेशी भटक्यांनी 'पॅरडाइज व्हॅली' म्हणजे स्वर्गदरी असं नाव दिलं आणि तेच चिकटलं. डोहात पोहायला मुलं येतात, खडकावर चहाच्या टपऱ्या लागतात. आपण इथं थांबत नाही. आपल्याला वर जायचंय, इमूझेर इदा औतनानला. अगादीरपासून साधारण साठ किलोमीटर, समुद्रसपाटीपासून हजार मीटरच्या वर.

(वळणावळणाचा रस्ता. उतारावर विखुरलेली काटेरी झाडं.)

आता उतारावरची ही झाडं नीट बघा. बुंधा पिळवटलेला, फांद्या काटेरी, पानं बारीक. हे अर्गन. नैरृत्य मोरोक्को हेच त्याचं घर. पाऊस इथं जेमतेम पडतो. अर्गनची मुळं खोल जातात, आणि पहाटे आपण जे धुकं पाहिलं, त्याची ओलही या झाडाला मिळते. पूर्वेला सहारा वाळवंट आहे. त्याला अडवून धरण्यात या रानाचा मोठा वाटा आहे, म्हणून 1998 मध्ये युनेस्कोनं हा सगळा मुलूख राखीव जीवावरण, म्हणजे निसर्ग आणि माणूस दोघांसाठी जपायचा प्रदेश, म्हणून जाहीर केला.

हे झाड आपल्याला परकं वाटतं, पण त्याचं कूळ आपल्या ओळखीचं आहे. अर्गन सपोटेसी कुळातलं. आपला चिकू, आपली बकुळ, आपला मोह त्याच कुळातले. नंदुरबार, गडचिरोलीच्या बाया मोहाच्या बिया फोडून तेल काढतात. इथल्या बाया अर्गनच्या. एवढ्या लांबवर दोन डोंगरांत एकाच कुळाच्या झाडानं बायकांच्या हाताला तेच काम दिलंय. मला ही गोष्ट कळली तेव्हापासून अर्गनकडे बघताना ते पाहुण्यांचं झाड वाटत नाही.

रस्त्यात एका ठिकाणी झाडावर शेळ्या चढलेल्या दिसतात. शेळ्या अर्गनची फळं खायला खरोखरच झाडावर चढतात. पण हमरस्त्यालगत, भर उन्हात, एका झाडावर दहा शेळ्या न हलता उभ्या असतील, तर त्या तिथं फोटोसाठी उभ्या केलेल्या असतात. तिथं गाडी थांबवू नका.

(इमूझेर. उतारावरची घरं. बदामाला फुलं. गुरुवारचा बाजार.)

आपण फेब्रुवारीच्या शेवटी आलोय. बदाम फुललाय. पान एक नाही, नुसती पांढरी-गुलाबी फुलं, आणि खाली जवाची हिरवी वाफे-वाफे शेती. आज गुरुवार, म्हणजे इमूझेरचा बाजाराचा दिवस. आसपासच्या वस्त्यांवरून माणसं आलीत. खेचरं बांधायची जागा वेगळी आणि गाड्या लावायची वेगळी.

"आझूल," असं म्हणायचं. नमस्कार. समोरचा हात छातीवर ठेवून तेच म्हणतो.

निळ्या कागदात गुंडाळलेल्या साखरेच्या उंच सुळकेदार ढेपा. पुदिन्याच्या जुड्या. पुदिन्याशेजारी एक राखाडी-हिरवी, मऊ पानांची जुडी, तिला इथं शिबा म्हणतात. थंडीत पुदिना कमी मिळतो तेव्हा चहात ही घालतात. नाकाशी धरली आणि मी क्षणभर जोतिबाच्या डोंगरावर पोचलो. शिबा आपल्या दवण्याच्याच जातकुळीतली. चहा कडवट होतो, पण अंगात ऊब येते.

मधाची दुकानं ओळीनं. हा मुलूखच मधासाठी ओळखला जातो. विक्रेता बाटली उघडतो, काडी बुडवतो आणि तळहातावर थेंब सोडतो. थाइम नावाच्या रानातल्या सुवासिक झुडपाचा मध गडद आणि वासाचा. संत्र्याच्या फुलांचा फिका, हलका. तिसरा थेंब जपून घ्यायचा: निवडुंगासारख्या दिसणाऱ्या काटेरी झुडपांवरचा मध. जिभेवर आधी गोड, आणि मग घशाशी मिरी चावल्यासारखा तिखट. इथले लोक तो खोकल्यावर घेतात.

याच डोंगररांगेत पूर्वेला इन्झेर्की नावाची जागा आहे. तिथं एका उतारावर माती, दगड आणि लाकडाचे कप्पे मजल्यावर मजले रचलेत, आणि कप्प्याकप्प्यात बोरूच्या विणलेल्या, शेणमातीनं लिंपलेल्या लांबट नळ्या. त्या नळ्यांत मोहोळं. कप्पे घराघराचे, पण डोंगर सगळ्यांचा. जगातल्या सर्वांत जुन्या सामूहिक मधपालनाच्या जागांपैकी ही एक मानतात. अलीकडच्या दुष्काळात यातले कितीतरी कप्पे रिकामे झाले. फूल नाही तर माशी नाही. 2022 मध्ये तर देशभर इतकी मोहोळं ओस पडली की मधपाळांसाठी सरकारला मदत जाहीर करावी लागली.

(सहकारी संस्थेचं अंगण. दगडावर दगड आपटल्याचा आवाज. टक्. टक्. टक्.)

हा आवाज ऐका. मी थोडा वेळ गप्प बसतो.

(टक्. टक्. दहा सेकंद.)

चटईवर सात-आठ बाया बसल्यात. प्रत्येकीच्या मांडीपुढे एक बसका दगड. डाव्या हाताच्या बोटांत अर्गनची कोय उभी धरायची, उजव्या हातातल्या गुळगुळीत दगडानं टोला द्यायचा. कोय बदामाहून टणक. टोला जोरात बसला तर गर चुरडतो, हळू बसला तर कोय फुटत नाही आणि चुकला तर बोट. सगळ्यांत वयस्क बाई बोलता बोलता, आमच्याकडे बघत, टोला मारतात. कोय बरोबर शिवणीवर उकलते. आत पांढरा, चपटा, नखाएवढा गर.

"लल्ला, किती वर्षं करताय हे?" आमच्या वाटाड्यानं विचारलं. लल्ला म्हणजे आपल्या 'बाई'सारखं, मान देऊन हाक मारायची.

त्या हसल्या. "आईच्या मांडीवर होते तेव्हापासून."

एक लिटर तेलाला तीसेक किलो फळं लागतात. वाळवायची, साल काढायची, कोय फोडायची. खायचं तेल असेल तर गर मातीच्या तव्यावर भाजायचा, आणि मग तो जात्यात. हो, जातंच. दोन पाळ्या, वर खुंटा, मधल्या तोंडात गर सोडायचा. फरक इतकाच की खालच्या पाळीला चोच असते आणि तिच्यातून पिठाऐवजी घट्ट तपकिरी लगदा ठिबकतो. तो परातीत घेऊन कोमट पाण्याचे हबके मारत मळत राहायचं. बराच वेळ काही होत नाही. मग एकाएकी लगद्याचा रंग बदलतो, तो आकसतो आणि बोटांच्या फटींतून तेल सुटायला लागतं. उरते ती पेंड. ती गुरांना.

हे कौशल्य 2014 साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेलं. त्याआधी, 1996 मध्ये, राजधानी रबातच्या विद्यापीठातल्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापक झुबिदा शार्रूफ यांनी तामनार गावात अर्गन तेलाची बायकांची सहकारी संस्था उभी केली. तोवर बाया घरोघरी एकट्या तेल काढायच्या आणि बाजारात मिळेल त्या भावाला विकलं जायचं. आज अशा कितीतरी संस्था आहेत. तरीही परदेशातल्या दुकानात सौंदर्यप्रसाधन म्हणून एका चिमुकल्या बाटलीला जी किंमत पडते, तिच्यातलं फारच थोडं या चटईपर्यंत येतं. कोय फोडायचं काम अजून बहुतेक हातानंच होतं, आणि त्या हातालाच सगळ्यात कमी मिळावं हे मला पटत नाही.

ताट आलं. तफर्नूत म्हणजे तापलेल्या गोट्यांवर भाजलेली भाकरी. गोट्यांचे खळगे तिच्यावर जसेच्या तसे उमटलेले. सोबत मध, अर्गनचं तेल, आणि आम्लू: भाजलेले बदाम वाटून त्यात अर्गन तेल आणि मध कालवलेला. भाकरीचा तुकडा मोडायचा, खळग्यात आम्लू भरायचा.

"तानमिर्त," आम्ही म्हणालो. आभार. त्यांनी अजून एक भाकरी पुढे सरकवली.

(ऑलिव्हच्या बागेतून खाली उतरणारी वाट.)

इमूझेर या शब्दाचा अर्थच धबधबे असा सांगतात. गावापासून काही किलोमीटर खाली तो प्रसिद्ध धबधबा आहे. ऑलिव्हच्या सावलीतून आपण तिथं उतरतो. समोर कातळाची भलीमोठी भिंत. चुनखडीचं पाणी शतकानुशतकं वाहून त्याचेच थर साचलेत, जणू पाण्याचा पडदा दगड झालाय. इथले लोक त्याला नवरीचा पदर म्हणतात.

पण आज त्यावरून पाणी पडत नाहीये. एका बाजूला ओल आणि शेवाळ, आणि पायथ्याशी हिरवट डोह. बस्स.

खूप लांबून आलेले प्रवासी इथं नाराज होतात. धबधबा बघायला आलो आणि पाणीच नाही. मलाही क्षणभर तसंच वाटलं. मग वाटाड्या म्हणाला, "पाणी आहे ना. तुम्ही वरूनच आलात की त्याच्या काठानं." आणि तो आम्हाला परत वर घेऊन गेला.

(पाटाचं पाणी. जवळून. आवाज.)

हा पाट. हातभर रुंद. इथं याला तारगा म्हणतात. वरच्या झऱ्याचं पाणी कड्यावरून कोसळण्याआधी यात वळवलेलं. त्यावर ऑलिव्ह आहेत, बदाम आहेत, जव आहे. पाऊस बरा झाला की शेताला पुरून उरलेलं पाणी धबधब्याला मिळतं. नाही झाला तर धबधबा कोरडा. 2018 नंतर मोरोक्कोत वर्षामागून वर्षं दुष्काळाची गेली. गुरं इतकी घटली की 2025 साली बकरी ईदला मेंढ्यांची कुर्बानी करू नका, असं आवाहन स्वतः राजे मोहम्मद सहावे यांनी केलं. अशा काळात पाणी प्रवाशांना दाखवायला कड्यावरून सोडायचं की बदामाच्या मुळाशी न्यायचं, हा इमूझेरमध्ये प्रश्नच नाही.

पाणी वाटून घ्यायची रीत जुनी. अमुक घराची अमुक वेळ. दक्षिण मोरोक्कोच्या डोंगरगावांत ही वेळ पूर्वी तानास्तनं मोजत. तानास्त म्हणजे तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी. ती पाण्यावर तरंगत सोडायची, हळूहळू भरत जाऊन ती बुडाली की एक माप. वाटाड्यानं हातानं आकार करून दाखवला आणि मी म्हटलं, हे तर घटिकापात्र! लग्नाच्या मांडवात गुरुजी मुहूर्तासाठी जे घंगाळात सोडत, तेच. त्याला मी सांगितलं की आमच्या धुळ्या-नाशकाकडे, पांझरेच्या आणि मोसमच्या काठी, बंधारा घालून पाटानं पाळीपाळीनं पाणी वाटून घ्यायची फड पद्धत आहे, आणि पाणी फिरवणाऱ्याला पाटकरी म्हणतात. त्यानं तो शब्द दोनदा म्हणून पाहिला. पाटकरी. पाटकरी.

(संध्याकाळ. खालच्या दरीत धुकं पुन्हा चढू लागलेलं.)

ऊन उतरलंय. वाटाड्या हातातल्या मोबाइलकडे बघतो, पाच वाजायला दोन मिनिटं कमी. पाटाच्या कडेला एक म्हातारे आजोबा फावडं टेकून उभे. पायात प्लॅस्टिकचे बूट, अंगावर जेलाबा, म्हणजे जाड लोकरीचा पायघोळ झगा, त्याचं टोपडं डोक्यावर ओढलेलं. ते आमच्याशी बोलत नाहीत, त्यांचं लक्ष शेजारच्या वाफ्याकडे. तिथलं पाणी कडेपर्यंत पोचलंय.

पाच वाजतात. आजोबा वाकतात. फावड्याच्या दोन खोऱ्यांत शेजाऱ्याचं दारं मातीनं बुजतं, तिसऱ्या खोऱ्यात त्यांचं उघडतं. पाणी क्षणभर थबकतं, फेस धरतं, सुकी पानं आणि बदामाच्या पाकळ्या पुढे ढकलत आत शिरतं. आजोबा फावड्याच्या पाठीनं कड दाबून घट्ट करतात, आणि पाण्याबरोबर चालू लागतात.

(पाण्याचा आवाज. दृश्य हळूहळू काळं.)